दोन बायकांसाठी खोली

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, डोंगरावर राहायचं होतं. चढायचं नव्हतं, देवाला जायचं नव्हतं, नुसतं राहायचं होतं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती धुळ्याला माझ्या भाड्याच्या खोलीत अंथरुणावर बसलेली होती. अख्खा पावसाळा तिला हिवतापानं सोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, थंडीत थोडी हवा पालटून आणा. कुठं जावंसं वाटतं, असं मी विचारलं, तर तिचं उत्तर तयारच होतं.

"गडवर गया का नवस फेडाना, दर्शन लेवानं, लगेच खाले उतरानं. निवांत बसानं कधी व्हयनंच नही."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. आमच्या शेतकरी घराण्यात माझ्याआधी कुणी बाई शाळेची पायरी चढली नव्हती. मीही चढले ती अक्कामुळे. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन मी माहेरी परत आले, तेव्हा मला शेतात घालायचं असंच सगळ्यांनी धरलं होतं. अक्का सासरहून बैलगाडीनं आली, दोन दिवस वडिलांशी भांडली आणि मला आधी शाळेत, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घालूनच गप्प बसली. त्यापायी तिनं सासरी बोलणी खाल्ली ती मला फार उशिरा कळली. आता तिचे यजमान गेले होते, मुलगा शेती बघत होता, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं.

मी ठरवलं, मुंबईला दोन दिवस राहायचं, समुद्र दाखवायचा, आणि तिथून माथेरान. माझ्या पगारात बसेल अशी जागा मात्र शोधायला हवी होती. शाळेतल्या मोठ्या बाईंकडे आगगाडीचं एक जुनं वेळापत्रक होतं. त्याच्या मागच्या पानांवर बोर्डिंग-लॉजिंगच्या जाहिराती असत. त्यातले पत्ते मी उतरवून घेतले आणि मुंबईतल्या तीन ठिकाणी जवाबी कार्डं टाकली. त्यात सगळं खरं लिहिलं: आम्ही दोघी बहिणी, एक पन्नाशीची, आजारातून उठलेली, दुसरी शिक्षिका, बरोबर पुरुष माणूस नाही.

एका ठिकाणाहून उत्तरच आलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, सोबत पुरुष असल्याखेरीज बायकांना खोली देण्याची पद्धत नाही. ते वाचताना माझे कान तापले. मी वर्गात चाळीस मुली सांभाळत होते, पण एका खोलीचं कुलूप माझ्या हाती द्यायला हा माणूस तयार नव्हता.

तिसरं कार्ड गिरगावातल्या एका खाणावळीचं होतं. खाली खाणावळ, वर चार खोल्या. मालकानं बारीक अक्षरात कार्ड दोन्ही बाजूंनी भरून टाकलं होतं, आणि त्यात प्रश्नच जास्त होते. वडील बहिणीचे गुडघे कसे आहेत? तिसऱ्या मजल्यावरची खोली स्वस्त आहे, पण जिना उभा आहे. जेवणात लसूण चालतो का? गाडी किती वाजता बोरीबंदरला येते? उतरल्यावर घ्यायला कुणी आहे का?

मी ते अक्काला वाचून दाखवलं. ती खुदकन हसली.

"हाऊ माणूस मना गुडघास्नं इचारस. बाकीनास्ले माले गुडघा शेतस हाई बी ठाऊक नही. याकडेच जाऊत."

मुंबईचं असं ठरलं. माथेरानला मात्र मी शहाणपणा केला. दोन पत्ते मिळाले होते. पहिल्या ठिकाणी लिहिताना तो नकार माझ्या डोक्यात बसलेला होता, म्हणून मी दोघी बायका असं लिहिलंच नाही. 'दोन माणसांसाठी खोली हवी' एवढंच लिहिलं आणि खाली नावाऐवजी आद्याक्षरं आणि आडनाव घातलं. लगेच छापील पत्रक आलं. व्हरांडा, दरीचा देखावा, सकाळी चहा, आणि हंगाम नसल्यानं दरही कमी. दुसऱ्या पत्त्यावर मी खरं लिहिलं होतं. तिथून दोन ओळींचं कार्ड आलं: 'खोली आहे. पाणी विहिरीचं. चूल मांडून देऊ, स्वयंपाक तुमचा. थंडी फार आहे, पांघरूण आणावे.'

अक्काला हे दुसरं आवडलं होतं. मी म्हटलं, अक्का, तू आजारातून उठलीस, तिथं जाऊन चूल फुंकत बसणार का? मी छापील पत्रकवाल्याला होकार कळवला आणि दुसऱ्याला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. कार्ड मात्र पाकिटात तसंच राहिलं.

माघात निघालो. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून मुंबईची गाडी. बोरीबंदरला उतरलो तर खाणावळीचे मालक स्वतः फलाटावर उभे. कोकणातले, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी. आमची वळकटी त्यांनी हातातून काढूनच घेतली. खोली पहिल्या मजल्यावर दिली, नळाशेजारी. म्हणाले, "तिसऱ्या मजल्याचाच दर लावतो. गुडघ्यांना जादा दर कशाला?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या पत्नी हातातलं काम टाकून आमच्याबरोबर चौपाटीवर आल्या. अक्का पाण्यापाशी बराच वेळ उभी होती. लुगडं घोट्यापर्यंत भिजलं तरी तिला भान नव्हतं. मग वळून मला म्हणाली, "इतलं पानी, आन एक बी वावर नही!"

त्या बाईंना ते कळलं नाही. वावर म्हणजे शेत, हे मी सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. निघताना त्यांनी वाटेत खायला दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

नेरळहून छोटी गाडी वळणं घेत वर चढू लागली तशी अक्का खिडकीतून हलेना. वर उतरलो ती दुपारची वेळ. लाल मातीच्या वाटेनं हमालाच्या मागं मागं चालत आम्ही त्या हॉटेलपाशी पोचलो. व्हरांडा होता, दरीही दिसत होती. मॅनेजरनं वहीत माझं आडनाव शोधलं, वर पाहिलं, आणि आमच्या पाठीमागं वाटेवर नजर टाकली.

"साहेब मागून येतायत का?"

"साहेब नाहीत. पत्र मीच लिहिलं होतं."

त्याचा चेहरा बदलला. उद्धटपणे नाही बोलला, पण बोलला तेच. मालकांची सक्त ताकीद आहे, एकट्या बायका ठेवायच्या नाहीत. पत्रात तसं लिहिलं असतं तर आधीच कळवलं असतं. मी शिक्षिका असल्याचं सांगितलं, शाळेचं पत्र दाखवलं. त्यानं ते दोन्ही हातांनी अदबीनं परत दिलं.

बाहेर अक्का आमच्या ट्रंकेवर बसली होती. चालण्यानं दमली होती, ओठ सुकले होते. मला तिच्याकडे बघवेना. तिच्याशी मी नेहमी घरच्या बोलीतच बोलत असे.

"काय म्हणस तो?" तिनं विचारलं.

"खोली नही देत. आपलासंगे माणूस नही म्हणीसन."

"तू त्याले काय लिखेल व्हतं?"

मी सगळं सांगून टाकलं. आद्याक्षरांचं, दोन माणसांचं.

"खोटं लिखं?"

"खोटं नही, अक्का. अर्धंच लिखं."

मला वाटलं, आता ती रागावणार. तिला रागावायचा हक्क होता. मला शिकवण्यासाठी तिनं इतकं सोसलं, आणि मी शिकून माझं बाईपण लपवायला शिकले, हे तिच्या मनात आलं असेल का, असं मला अजूनही वाटतं. पण ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "मंग ते दुसरं कार्ड कोठे शे? पांघरूणवालं?"

हमालाला तो पत्ता ठाऊक होता. झाडीतून दहा मिनिटं चाललो. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याचा बंद बंगला होता, आणि मागच्या बाजूला तो सांभाळणारं म्हातारं जोडपं राहत होतं. मालकाच्या परवानगीनं हंगामाबाहेर ते एक मागची खोली लावत. म्हातारबाबा अंगणात लाकडं रचत होते. मी मान खाली घालून सांगितलं, "मी धुळ्याहून पत्र लिहिलं होतं. तुमचं कार्ड आलं, पण मी उत्तर दिलं नाही. चुकलं माझं."

त्यांनी आधी अक्काकडं पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं, त्या धुळ्याच्या दोघी आल्या!"

म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. उत्तराचं नावही तिनं काढलं नाही. "तुमचं नक्की नव्हतं म्हणून खोली झाडायची राहिली. पाच मिनिटं बसा, आत्ता झाडते." तिनं केरसुणी घेतली. अक्का पुढं झाली आणि ती तिच्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही बसा, माय. मी झाडस."

"अहो, तुम्ही पाहुण्या!"

दोघींची थोडी ओढाताण झाली. शेवटी केरसुणी अक्काकडं राहिली आणि म्हातारी चहा करायला गेली. मी उंबऱ्यात बसून रडले, म्हणजे डोळ्यांना पदर लावला. चहा आला तेव्हा म्हातारीनं तो माझ्या हातात देताना पाठीवरून हात फिरवला. कारण विचारलं नाही.

चार दिवस राहिलो. खोली लहान होती, भिंतींना ओल होती, माकडांनी आमचं गुळाचं पुडकं पळवलं. चूल मला एकदाही फुंकावी लागली नाही. म्हातारीनं पहिल्याच दिवशी अक्काच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी चाखून पाहिली आणि दोन्ही घरांचा स्वयंपाक एका चुलीवर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दरीच्या तोंडाशी एका खडकावर जाऊन बसलो. खाली धुकं होतं, ते हळूहळू विरलं आणि भाताची रिकामी खाचरं, झोपड्या, एक बारीक नदी दिसू लागली. अक्कानं पाय लांब केले.

"आते माले काहीच काम नही?"

"काहीच नही."

"बठ्ठा दिन बसू?"

"बठ्ठा दिन."

ती खरंच दिवसभर बसली. मध्ये मी जेवण आणून दिलं. ऊन फिरलं तशी ती सरकून सावलीत गेली, एवढंच. कधी गुणगुणली, कधी नुसती बघत राहिली. संध्याकाळी परतताना मला म्हणाली की तिच्या लग्नाआधी, म्हणजे दहा-अकरा वर्षांची असताना, ती बांधावर अशी बसायची. मधली चाळीस वर्षं कुठं गेली ते तिला सांगता येईना. बोलताना तिच्या आवाजात खंत नव्हती, मजा वाटत होती. मी तिचा हात धरून चालत होते. ज्यांनी ज्यांनी तिचा तो दिवस शक्य केला त्यांचे आभार कसे मानायचे हे मला तेव्हाही सुचलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर, माथेरानची छोटी गाडी बंद व्हायच्या आत, ते म्हातारं जोडपं खाली उतरलं आणि अक्काच्या आग्रहावरून धुळ्याला माझ्याकडे आठ दिवस येऊन राहिलं. माझी एकच खोली, तीत आम्ही चौघं. म्हातारबाबांना आमच्या भरताचा तिखटपणा सोसेना, तरी रोज मागून खात. शाळेतल्या मोठ्या बाई त्यांना भेटायला आल्या आणि तासभर बसून गेल्या. अक्का त्यांच्यासाठी मुद्दाम गावाहून आली होती. तिचा रंग परतला होता, हिवताप पुन्हा आला नव्हता. निघायच्या दिवशी चाळीसगावच्या गाडीत बसल्यावर म्हातारीनं खिडकीतून हात बाहेर काढून अक्काचा हात धरला. गाडी हलली तेव्हा अक्का चार पावलं गाडीबरोबर चालली, आणि मी तिचा पदर धरून तिला मागं ओढलं.