बायजेच्या गोठ्यातली धाकटी

कल्याण तालुक्यात त्र्यंबकराव बर्व्यांची छत्री बांधावर दिसली की गावातली लहान मुलं कणगीत जात. आया त्यांना आत उतरवत, वर सूप झाकत आणि ओट्यावर येऊन सांगत की या घरात मूल नाही. मग कणगी शिंके. त्र्यंबकराव ती शिंक ऐकू न आल्यासारखं करून प्यायला पाणी मागत.

सरकारदरबारी ते व्हॅक्सिनेटर होते. लोक त्यांना 'देवी काढणारे' म्हणत. मामलेदाराला सारा वसूल करताना मिळत नसतील इतक्या शिव्या त्यांना पोरं वाचवताना मिळत. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे, कारण शिव्या देणाऱ्यांचं म्हणणं त्यांना समजत होतं. त्यांच्या स्वतःच्या घरचं म्हणणंही तेच होतं.

पूर्वी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडात टोचायची रीत होती. कुणाचं कुणाच्या अंगात गेलं हे समजायला मार्ग नव्हता. त्र्यंबकरावांच्या मातोश्रींनी म्हणूनच सांगून टाकलं होतं, की सरकारची नोकरी सरकारच्या गावात करावी, घरच्या पोरावर करू नये. त्र्यंबकरावांनी ऐकलं. त्यांचा मुलगा मधू तीन वर्षांचा असताना देवीत गेला. पुढच्या वर्षी मातोश्रीही गेल्या, आपल्या वेगळ्या दुखण्याने. घरात राहिले त्र्यंबकराव, त्यांची बायको उत्तरा आणि मागाहून झालेली चित्रा. चित्रा आता भिंत धरून चालत होती. मधूनंतर त्र्यंबकराव पुढच्या वर्षाविषयी काही बोलत नसत. चित्राचं बारसं झालं तेव्हा पाळणासुद्धा त्यांनी शेजारचा मागून आणला होता.

मधल्या काळात विद्या पुढे सरकली होती. लस आता जनावराच्या अंगावर वाढवायची होती. वासराच्या पोटाचे केस काढून तिथे बारीक ओरखडे काढायचे, लस चोळायची. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणीदार फोड टपोरले की त्यातलं पाणी थेट मुलाच्या दंडात. वासराला थोडी कणकण येई, मग ते बरं होऊन मालकाकडे जाई. त्याआधी त्याच्यावरून दुसऱ्या गावचं वासरू टोचून घ्यायचं, म्हणजे साखळी तुटत नसे. जनावराचा रोग माणसाची ढाल होतो, हे विद्वानांनी शोधलं. ते गावात पटवणं मात्र त्यांनी त्र्यंबकरावांवर सोडलं होतं.

त्या वर्षी फाल्गुनात मानपाड्याला देवी आली. कोपरला अजून आली नव्हती, कल्याणलाही नव्हती. त्र्यंबकराव आणि त्यांचा शिपाई गुणाजी घाईने कोपरला पोचले. वासरू द्यायला कुणी तयार होईना. शेवटी खाडीकडेच्या बायजाबाईने ऐकून घेतलं. ती आगरी विधवा. घरात एक सून, दोन नातवंडं, गोठ्यात एक म्हैस आणि तिचं रेडकू. रेडकू दगावलं तर म्हैस पान्हा चोरणार, हे तिने आधीच सुनावलं.

"तुझा औषध देवीला राग आनील," ती म्हणाली. आगरी माणूस देवालाही अरे-तुरे करतो, तिथे सरकारी कारकुनाचं काय?

त्र्यंबकरावांनी पूर्वी लसीचं शास्त्र समजावून पाहिलं होतं. त्याने लोकांना झोप येई. म्हणून त्या दिवशी ते म्हणाले, "बायजाबाई, देवी मोठी बहीण. ही तिची धाकटी. ही रेडकाच्या अंगात चार दिवस पाहुणी येते आणि हसत जाते. जिथे धाकटी येऊन गेली, त्या घरात थोरली पाय टाकत नाही."

बायजेला हे एकदम पटलं. त्र्यंबकरावांना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि रेडकू टोचून ते कल्याणला परतले.

ठरलं असं होतं की फोड आले की गुणाजी रेडकू कल्याणला आणेल. तिथे धर्मशाळेत मुलं टोचायची. त्यात पहिलं नाव त्र्यंबकरावांनी मनात चित्राचं धरलं होतं. घरी अजून सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ते कोपरला गेले, तर गोठ्याच्या दाराला कडुनिंबाचे टहाळे. आत सारवलेलं, रेडकापुढे पाट, पाटावर दहीभाताची वाटी. देवी आलेल्या घरात पाळतात तसं, आळीत कुणाच्या घरी फोडणीचा वास नव्हता. रेडकू एका कुशीवर रवंथ करत पडलं होतं आणि बायजेची सून त्याच्या पोटावर पाल्याने वारा घालत होती. पोटावर मोत्यासारखे फोड, इतके सुरेख की त्र्यंबकरावांना दोन घटका बघत राहावंसं वाटलं.

"उत्तम," ते म्हणाले. "गुणाजी, सोड त्याला."

बायजा दारात आडवी उभी राहिली. "कुठं नेतंस?"

"कल्याणला. बोलणं झालं होतं ना?"

"बोलनं रेडकाचं झालेलं. आता आत धाकटी हाय. पाहुनी आलेली बाय पाठवनी केल्याबिगर उंबऱ्याभाईर काढाची? तूच सांगलंस ना, पाहुनी म्हनून?"

गुणाजी खालच्या आवाजात म्हणाला, "रावसाहेब, शास्त्रच सांगायला हवं होतं."

पाठवणी फोड सुकल्यावर व्हायची, आणि सुकलेल्या फोडांचा काही उपयोग नव्हता. एवढ्यात आळीतल्या बायका जमल्या. एकीने विचारलं, की धाकटी एवढी गुणाची, तर पोरांनी इथेच येऊन तिचा हात दंडावर घ्यावा, त्यात काय. त्र्यंबकरावांना हायसं वाटणार, तोच बायजा म्हणाली, "घेतील ना. तुझ्या पोराला घेतलास?"

"नाही."

"पोर हाय का?"

"आहे. एक मुलगी."

बायजा त्यांच्याकडे बघत राहिली. बाकीच्या बायकाही. "मंग उद्या तिला आन," ती म्हणाली. "आधी तुझी, मागनं आमची."

*

उत्तरा तांदूळ निवडत होती. त्र्यंबकराव पाय धुऊन बसले आणि छताकडे बघत म्हणाले, "उद्या कोपरला जावं लागेल. चित्राला घेऊन."

"टोचायला?"

"हो. वासराची लस आहे. माणसाची नाही."

उत्तराने सुपातले तांदूळ पाखडले. "मधूच्या वेळी माणसाची होती."

"हो."

"सासूबाई नको म्हणाल्या. इकडून बरं म्हणणं झालं. मला कुणी विचारलं नाही."

"तुझंही मत तेच असेल असं वाटलं."

"विचारलं असतं तर कळलं असतं."

त्र्यंबकरावांनी छतावरची नजर खाली आणली. मग म्हणाले, "आता विचारतो आहे."

उत्तराने एक खडा वेचून बाजूला टाकला. "गाडी सांगून या. उन्हं चढायच्या आत पोचू."

बैलगाडीत चित्रा सबंध वाटेत बैलांना हाका मारत होती. त्र्यंबकरावांना एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती सांगायला त्यांना तीनदा संधी मिळाली आणि तिन्ही वेळा त्यांनी मिठागरांकडे बोट दाखवलं.

गोठ्यात शिरल्यावर उत्तरा थांबली. चित्राला तिने कडेवर वर सरकवलं.

"हे रेडकू आहे."

"पुस्तकात म्हशीच्या पिल्लालाही वासरूच म्हणतात," त्र्यंबकराव म्हणाले.

"कुठल्या पुस्तकात?"

"इंग्रजी."

बायकांनी पदर तोंडाला लावले. उत्तरा हसली नाही. गाय असती तर प्रश्न नव्हता. गाईचं सगळंच पवित्र. पण रेडा म्हणजे यमाचं वाहन. ज्याच्यावर बसून तो एकदा घरी येऊन गेला, त्याच्याच अंगातलं पाणी आता पोरीच्या दंडात घालायचं. हे त्र्यंबकरावांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आपल्या सुचण्यावर त्यांचा त्या दिवशी विश्वास नव्हता, म्हणून ते टोचणी पुसू लागले.

चित्राने खाली वाकून रेडकाचा कान धरला. त्याने मान वळवून तिचं पाऊल चाटलं. ती खिदळली आणि तिने दुसरं पाऊल पुढे केलं.

उत्तरा ते बघत राहिली. मग कुणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात म्हणाली, "रेड्याच्या तोंडून वेद निघाले तेव्हा पैठणच्या ब्राह्मणांनी ऐकून घेतले. याच्या पोटातून एवढं निघालं तर नको म्हणणारी मी कोण?"

ती पाटाशेजारी बसली. पोरीला मांडीवर घेतलं, झबल्याची बाही वर केली आणि दंड पुढे धरला. बायजेने आधी रेडकाला हळदकुंकू वाहिलं, "माय, जरा सोस," असं म्हटलं आणि त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. त्र्यंबकरावांनी एक फोड चिमट्यात धरून पाणी टोचणीवर घेतलं. या तालुक्यातले किती दंड या हाताखालून गेले असतील, पण आज हात कापू लागला.

"हात कशाला हालतंय?" बायजा म्हणाली. "रोजचाच काम ना तुझा?"

"ही माझी आहे."

"मंग आमची काय बाजारातून आनलेली?"

त्र्यंबकरावांनी मान खाली घातली. उत्तराने मोकळ्या हाताने त्यांचं मनगट धरलं. चार माणसांत बायकोने नवऱ्याचा हात धरावा असा तो काळ नव्हता. पण तिथे कुणी काही म्हटलं नाही, आणि हात थांबला. टोचणी दंडात गेली. चित्रा आधी चकित झाली, मग आळीला ऐकू जाईल अशी रडली. बायजेच्या सुनेने आपला धाकटा पुढे ढकलला. तो कालपर्यंत कणगीत होता.

दुपारपर्यंत रांग संपली. शेजारच्या आयरे गावचं वासरू गुणाजीने गोठ्यातच आणलं आणि त्याला टोचून घेतलं, म्हणजे पाहुणीला उंबरा ओलांडावा लागला नाही. पुढे सात-आठ दिवसांनी बायजेने धाकटीची खणानारळाने पाठवणी केली. रेडकू तगलं, म्हशीने पान्हा चोरला नाही. मानपाड्याची थोरली चैत्रात कोपरच्या वेशीपर्यंत आली, आणि बायजेच्या मते बहिणीचा पाट मांडलेला बघून मागे फिरली. त्र्यंबकरावांच्या अहवालात हेच लिहिलेलं आहे, फक्त पाटाचा उल्लेख नाही.

ते सगळं नंतर. त्याआधी, कोपरहून परतल्यावर आठवड्याभराने, चित्रा थोडी तापली. दंडावरचा फोड नीट भरला, मधे खळगी, भोवती लालसर कडं. लस लागली होती. त्र्यंबकरावांनी खिडकीशी नेऊन तो उजेडात पाहिला, पुन्हा पाहिला, आणि पोरीला उगीचच तिच्या आईकडे देऊन पुन्हा परत मागितलं.

"याचा वण राहील?" उत्तराने विचारलं.

"राहील. जन्मभर."

"मुलीच्या दंडावर?"

"त्यात काय. लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांनी विचारलं तर सांगू, रेडकाने दिलाय. नाही पटलं तर दुसरं स्थळ बघू. घाई काय आहे?"

ते बोलून त्र्यंबकराव झबल्याची बाही खाली करू लागले. आपण किती पुढचं बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. उत्तराच्या आलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "हो. दुसरं बघू."