सांडपाण्याच्या टाकीवरची माणसं

चार माणसांनी दहा वर्षं एका जागी घाण उपसली की किस्से गाळासारखे साठतात. वेळेवर काढावे लागतात.

मी चौथी शिकलो. तरी पेणजवळच्या आमच्या प्लांटवर शिफ्टचा मुकादम होतो. गावाचं सांडपाणी आत यायचं, काचेसारखं होऊन बाहेर पडायचं. पण घरात या कामाला मान नव्हता. ड्युटीवरून आलो की परसात आंघोळ, मगच उंबरा ओलांडायचा. बायकोचा, सुलोचनाचा, कायदा!

"गो, एकदा येऊन पाणी बघ तरी!"

"तुमचं पानी तुमीच बघा!"

तिनं ते एकदा पाहावं, एवढीच माझी इच्छा होती.

*

प्लांट सुरू करायला रोह्याहून साहेब आले. घाण खाणारे जिवाणू टाकीत वाढवायचे होते. साहेब म्हणाले, "टेम्पोभर शेण आणा."

माझा जोडीदार काशिनाथ शेजारच्या जोहे गावाला गेला आणि सुकलेल्या गोवऱ्या घेऊन आला. नीट रचून!

"अरे, ओलं शेण हवं होतं!"

"ओल्याला वास येतो, साहेब!"

भोवती अख्ख्या गावाच्या सांडपाण्याचा वास, आणि साहेबांनी कपाळावर हात मारला.

*

काशिनाथ खाडीकाठचा. नारळी पौर्णिमेला त्यानं टाकीत अख्खा नारळ सोडला. पंप अडकला. साहेब तापले, "टाकीला नारळ कोण देतं?"

"जे पानी पोट भरतं त्याला देतात, साहेब. आमच्यात तसंच हाय."

पुढच्या वर्षी साहेबांनी स्वतः नारळ आणला. बाहेर फोडला, खोबरं वाटलं आणि टाकीला फक्त नारळाचं पाणी दिलं.

*

गणपतीआधी मूर्तींच्या कारखान्यांतल्या ब्रशांचा रंग गटारातून आमच्याकडे यायचा. पाणी गुलाबी आलं की मूर्तींचं अंग रंगतंय. पिवळं आलं की पीतांबर.

प्लांटच्या लॅबमधल्या मॅडम म्हणायच्या, "काका, आधी मीटर बघा."

"मीटरला पीतांबर कळतो का?"

पण त्या रंगानं जिवाणू मरत होते. मी कारखान्यांत जाऊन दम दिला. "देवाचा रंग गटारात सोडता? बादलीत धुवा!"

दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीसारखं काळं. इतका आनंद मला काळ्या पाण्यानं कधी दिला नव्हता.

*

नंतर पाणी गाळायला मेम्ब्रेन आलं. पोकळ धाग्यांचे जुडगे, त्यातून जिवाणूसुद्धा पार होत नाही. माझा विश्वास बसेना. शेवटच्या टाकीत मी सहा मासे सोडले. महिनाभर मजेत होते. एक दिवस सगळे गायब!

साहेबांनी विचारलं, "मासे कुठायत?"

काशिनाथनं ढेकर दिला. "पास झाले, साहेब! रिपोर्ट पोटात हाय."

आता काशिनाथ नाही. मासेही कुणी सोडत नाही. सगळं स्क्रीनवर दिसतं.

*

माझी शेवटची ड्युटी. सुलोचना पहिल्यांदाच प्लांटवर आली. एका हातात ओटीचं ताट, दुसऱ्या हातात घरच्या पाण्याचा कॅन. मला तिथंच हातपाय धुवायला लावून थेट गावदेवीला न्यायचं होतं.

शेवटच्या टाकीशी ती थांबली. वाकून बराच वेळ बघत राहिली. तळ दिसत होता.  

मग तिनं घरून आणलेलं पाणी कुंपणाच्या झाडाला ओतलं. टाकीच्या नळाखाली कॅन धरला. काठोकाठ भरला.

"पाय फुडं करा," म्हणाली. "देवी खोळंबलीय."