ऊकपिकचं बारसं

माझी नात पाच वर्षांची झाली तेव्हा कॅनडाहून तिच्या दुसऱ्या आजीने, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, एक घुबड पाठवलं. गोल गरगरीत, केसाळ, डोकं अंगाएवढं आणि डोळे वाटीसारखे. विहीणबाई तिकडे मुलाकडे राहतात. तिकडच्या बर्फाच्या मुलखातल्या बाया ही घुबडं सीलच्या कातड्याची, हाताने शिवतात, असं त्यांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्याला ऊकपिक म्हणायचं. त्या लोकांच्या भाषेत ऊकपिक म्हणजे पांढरं घुबडच.

"घरात घुबड?" मी मुलाला हळूच म्हटलं.

"आई, खेळणं आहे गं."

नात जन्मली तेव्हा मी ऑकलंडला आले. मुलगा माउंट वेलिंग्टनला ऑफिसात, सून फार्मसीत, तेव्हा पोरगी माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. माझ्या गादीवर, माझा पदर मुठीत धरून झोपायची. घुबड आलं आणि मुठीत पदराऐवजी त्याचा पंख आला. ती दोघं भिंतीकडे, मी कडेला. मी पदर तिच्या हाताजवळ नेऊन ठेवायचे. ती झोपेतच तो बाजूला सारायची.

विहीणबाई शिक्षिका होत्या. नात त्यांच्याशी इंग्रजीत भराभर बोलायची. माझं मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत, आणि त्यातलं निम्मं मी अंदाजाने घ्यायचे. फोनवर विहीणबाई विचारायच्या, "हाऊ इज ऊकपिक?" की पोरगी सुरू. मी शेजारी भाजी निवडत बसायचे. शेवटी त्या म्हणायच्या, "विहीणबाई, बऱ्या आहात ना?" मी मान हलवायचे. बोलायला काही सुचायचं नाही. फोन ठेवला की सुचायचं.

आमच्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं मी त्या घुबडाचं नाव घेत नव्हते. "ते उचल", "त्याला खाली ठेव", एवढंच. आणि शिवलं मात्र इतकं सुबक होतं की टाका शोधून सापडत नव्हता. त्याचाही मला राग यायचा.

डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली. न्यू लिनला सुनेच्या मैत्रिणीकडे बाळाचं बारसं होतं. नात असलं काही पहिल्यांदाच बघत होती. बाळाला पाळण्यात घातलं, आत्याने त्याच्या कानात नाव सांगितलं आणि बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, तेव्हा ती पोट धरून हसली. परत येताना गाडीत म्हणाली, "आजी, व्हेन इज ऊकपिक्स बारसं?"

मला एकदम सुचलं. बारसं झालं की बाळ पाळण्यात झोपतं. कुणाच्या कुशीत नाही.

"उद्याच करू," मी म्हणाले. सून गाडी चालवत होती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी जुनी साडी जेवणाच्या टेबलाखाली पायांना बांधून झोळी केली. घुगऱ्या शिजवल्या. संध्याकाळी, ऊन अजून लख्ख होतं तेव्हा, सगळे जमले. विहीणबाई फोनवर होत्या. त्यांच्याकडे मध्यरात्र उलटली होती, तरी शाल पांघरून बसल्या होत्या.

"आत्या कोण?" सुनेने विचारलं.

"आजी," नात माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"आणि मी गं?" फोनमधून आवाज आला.

"यू कान्ट. यू आर इन द फोन."

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. नाव मी ठरवून ठेवलं होतं, गोट्या. घुबडाचा कान असावा तिथे मी वाकले, तर पोरीने माझी हनुवटी धरली. "त्याला नाव आहे, आजी. ऊकपिक. कॅनडा आजीने सांगितलंय." एरवी मराठी न बोलणारी, हे मात्र मराठीत बोलली.

मग मी तेच नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसले. सुनेचा जरा जोरातच बसला.

"आता पाळणा म्हणा ना, विहीणबाई," फोनमधून फर्माईश झाली. "मला मेलं गाता येत नाही. वर्गात मुलं हसायची."

पाळण्यात बाळाचं नाव घ्यावंच लागतं, आणि ते प्रत्येक कडव्याला येतं. मी झोळीची दोरी ओढत म्हणत गेले. घुबड त्यांचं, नाव त्यांनी सांगितलेलं, घसा माझा. त्या मान डोलवत होत्या, मालकिणीसारख्या.

पण मी मनात म्हटलं, डोलू देत, आज पोरगी माझ्याकडे येणार आहे. जेवणं झाल्यावर मी आमची गादी घातली. "चल ये," मी तिला म्हणाले, "त्याचं बारसं झालं, ते आता पाळण्यात झोपणार."

ती आली आणि माझी उशी उचलून टेबलाखाली झोळीशेजारी ठेवून आली.

"यू स्लीप देअर. बेबीजवळ आजी झोपते."

"आणि तू?"

"आय ॲम फाइव्ह."

तिच्या खोलीतल्या पलंगावर कधीच कुणी झोपत नसे, तिथे इस्त्रीचे कपडे असायचे. सुनेने ते उचलले. पोरगी आत गेली आणि तिने स्वतः दार लोटून घेतलं. कसलं पांघरूण घेतलं, ते मला दिसलं नाही.

टेबलावर फोन अजून चालू होता. "गेली का झोपायला?" विहीणबाईंनी विचारलं.

"गेली."

"एकटी?"

"एकटी."

"बरं झालं. मोठी झाली. आता त्याला तुम्ही सांभाळा हं," म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांना फोन ठेवता येत होता. मी पाय मुडपून टेबलाखाली आडवी झाले.