तुळजाबाईचा लसीचा डबा

तुळजाबाईने आयुष्यभर ओझी वाहिली. आंबेनळी घाटात रस्त्यासाठी खडी वाहिली, महाडच्या बाजारात तांदळाची पोती उचलली. नवरा मुंबईला हॉटेलात होता. पोलादपूरकडच्या एका आरोग्य केंद्रात मदतनीस म्हणून लागली तेव्हा तिला वाटलं, आता हलकं काम. पंच्याण्णव साली पोलिओचे डोस सुरू झाले आणि डोंगरातल्या वाड्यांवर लसीचा डबा नेऊन डोस पाजणं तिच्याकडे आलं.

डबा जाड भिंतींचा. आत बर्फाची पाकिटं, मधे बाटल्या. वजन किरकोळ, पण लाकडाची मोळी वाटेत टेकवता येते, बर्फ थांबत नाही. पट्ट्याने लटकवला तर डबा मांडीवर आपटून चाल मोडते. म्हणून ती चुंबळ ठेवून डोक्यावर घ्यायची, वर ओलं फडकं टाकायची. झाकणाला कुणाला हात लावू द्यायची नाही.

वरच्या वाडीची एक रीत होती. बाहेरून नवी वस्तू आली की वेशीवरच्या देवीसमोर उघडून दाखवायची, मगच आत न्यायची. पहिल्याच खेपेला वाडीचा म्होरक्या भिकाजी वाट अडवून उभा राहिला.

"उघड गो डबा. देवीला बघू दे काय हाय आत."

"नाय उघडायची. बर्फ हाय. ऊन लागलं की पाणी."

"शिलाई मशीन उघडली, नवरीची पेटी उघडली. तुझ्या डब्याला काय सोनं लागलंय?"

"पाणीच पाजायचं असेल तर तुमची विहीर हाय की. मी कशाला चढले?"

"मग जा परत."

तुळजाबाई परत गेली नाही. तडक देवळात शिरली, देवीसमोरच्या गार फरशीवर डबा ठेवला आणि झाकणावर हात ठेवून बसली.

"देवीसमोर ठेवलाय. उघडते पण. आधी पोरं आणा. पोराचं तोंड उघडलं की झाकण उघडेन."

"पोरं आयांबरोबर गवताला गेलीत. सांजच्याला येतील."

"सांजच्याला बर्फ नसेल. हाका मारा."

"मी? वाडीचा म्होरक्या मी, हाका मारत फिरू?"

"मग मी जाते. डब्याजवळ बसाल तुम्ही? पण तुमचा भरवसा नाय, उघडून बघाल."

देवळासमोरच्या पारावर बसलेली माणसं हसली. भिकाजी लाल झाला. तो हलेना, तुळजाबाई उठेना. दारातून ऊन फरशीवर सरकत आलं, तसा तिने डबा मागे ओढला. पुन्हा आलं, पुन्हा ओढला. पाठ भिंतीला लागली. मागे जागा उरली नाही.

भिकाजीने ते पाहिलं. कड्याच्या टोकाला जाऊन त्याने अशी आरोळी ठोकली की उतारावरच्या बायका विळे टाकून, पोरं कडेवर घेऊन धावत आल्या.

"आता तरी उघड!"

"रांग लावा आधी."

रांग लागली. तिने देवीसमोर झाकण उघडलं, एक बाटली काढली, लगेच बंद केलं. भिकाजीने मान लांब करून पाहिलं.

"एवढीशीच बाटली? याच्यासाठी एवढा तोरा?"

"हो, याच्यासाठीच. ऊन येतंय, घोंगडी धरा आडवी."

वाडीचा म्होरक्या खांद्यावरची घोंगडी पसरून दारात उभा राहिला. तुळजाबाई एकेका पोराचे गाल दाबून तोंडात थेंब सोडत होती. मधेच तिने वर पाहिलं.

"हात खाली आला, भिकाजीबाबा. वर धरा. अजून पोरं हायत."