धक्का न देता

त्याची बस सुटलेली कुणाला कळायची नाही. उभ्या माणसाचा हात दांडीकडे जायच्या आत खिडकीतली दुकानं मागे सरकायला लागलेली असत. वर्षानुवर्षं त्याच्यासोबत ड्यूटी केलेल्या कंडक्टरने म्हणूनच त्याचं नाव लोणी ठेवलं होतं. डेपोत ते इतकं रुळलं की हजेरीला कुणी खरं नाव पुकारलं तर तोच मागे वळून बघायचा, हा कोण नवीन आला म्हणून.

करामत सगळी डाव्या पायाची होती. क्लच दाबायला जोर पुरतो. तो सोडताना पाय नेमकं काय करतो, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पाय आपला आपण करायचा.

तोच पाय मोडला. ड्यूटी संपवून तो डेपोच्या फाटकाशी उभा होता, तेवढ्यात सांडलेल्या तेलावरून एक मोटारसायकल घसरत आली आणि पाय तिच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला. गुडघ्याखालच्या हाडाचे तुकडे झाले. आत सळई बसली, स्क्रू बसले. कंडक्टर दवाखान्यात भेटायला आला, बराच वेळ पलंगाच्या कडेला हात ठेवून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, “समुद्र पोहून आलास आणि डबक्यात बुडालास की रे, लोणी.” दोघंही हसले. मग कंडक्टर डोळे पुसायला बाहेर गेला.

घरी सोडलं त्या दिवशी टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्याचा पाय बायकोच्या मांडीवर होता. टॅक्सीवाला वाईट नव्हता, नुसता घाईत होता. पण प्रत्येक सिग्नलला गाडी सुटताना बसणारा हिसका थेट स्क्रूंपर्यंत पोचत होता. दवाखान्याचा चढ उतरताना त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. याच चढावरच्या स्टॉपवर त्याच्या बसमध्ये रोज प्लास्टरवाले चढायचे, टाके घातलेले चढायचे, तान्हं बाळ घेतलेल्या ओल्या बाळंतिणी चढायच्या. त्यांच्यापैकी कुणी त्याच्याशी कधी काही बोललं नव्हतं. ते गप्प बसून घरी पोचत होते, ही केवढी गोष्ट होती, ते त्याला आत्ता कळत होतं.

डेपो मॅनेजर घरी येऊन गेले. माणूस भला. “चाचणी देऊन बघा. नाही जमलं तर फाटकावर खुर्ची आहे तुमच्यासाठी. सावलीत बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायची.” बायकोला ते बरं वाटलं. त्याला फाटकावरची खुर्ची दिसली, आणि तिच्यासमोरून दुसऱ्या कुणाच्या तरी पायाने सुटणारी आपली बस दिसली. “बघू,” तो म्हणाला.

घरात तिघंच. तो, बायको आणि सासूबाई. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि सासूबाईंना दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसायचं. “दिव्याखाली अंधार तो हाच,” असं त्या स्वतःच सांगायच्या. कान मात्र असे तिखट, की शेजारच्या घरात कुणी सांडशी शोधत असलं तर या इथून सांगत, “अगं, ओट्याखाली बघ.”

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. बारीक चणीची, बोलायला रोखठोक. काही आठवडे कुबड्यांवर काढल्यावर एके दुपारी तो हातांचा आधार न घेता खुर्चीतून उभा राहिला आणि शाबासकीची वाट बघत थांबला.

“छान,” ती म्हणाली. “काका, आता बसून दाखवा.”

“बसायचं काय त्यात?”

“बसा ना.”

तो वाकला, अर्ध्यावर आला आणि पायाने हात वर केले. धप्प! जुनी लाकडी खुर्ची भिंतीवर आदळली.

“काय पडलं गं?” आतल्या खोलीतून सासूबाई.

“मी,” तो म्हणाला.

“मग असू दे. मला वाटलं पिठाचा डबा.”

फिजिओथेरपिस्ट हसली नाही. म्हणजे हसली, पण पाय तपासायला खाली वाकून. “उठायला जोर लागतो, तो येतोय,” ती म्हणाली. “बसताना पायाला तोच भार हळूहळू सोडावा लागतो. स्नायूला ते जास्त अवघड जातं. तुम्ही भार सोडत नाही, टाकून देता.”

त्याची नजर डाव्या पायाकडे गेली. मग म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही बस चालवता का हो?”

तेव्हापासून दुपारचं वेळापत्रक ठरून गेलं. बायको दुकानातून आली की समोर उभी राहायची. हात पुढे, पण त्याला लागणार नाहीत असे. तो उठायचा, बसायचा. धप्प! आतून आवाज यायचा. “पडला डबा!” पुढे पुढे सासूबाईंनी या धपक्यांची प्रतवारीच लावली. “आज डबा अर्धाच भरलाय वाटतं.” कधी, “रद्दीचा गठ्ठा पडला का?” एकदा त्याने घाम गाळून सगळी ताकद लावली, तर आतून निर्णय आला, “उशी. पण कापसाची, जड.”

“तुझ्या आईला परीक्षक नेमायला हवं,” तो बायकोला म्हणाला.

“लग्नाआधी तुम्हाला पास केलं होतं तिने. तेवढी एक चूक झाली, तेव्हापासून कडक झालीय.”

पुढे कंडक्टर एक गाठोडं घेऊन आला. डेपोतल्या मेकॅनिकने भंगारातलं क्लचचं पेडल एका फळीवर ठोकून त्याला स्प्रिंग लावून दिली होती. वर निरोप, ‘लोण्याला सांग, फ्रिजमधून बाहेर काढायची वेळ झाली.’ त्याने खुर्चीत बसून पाय ठेवला. दाबला. जमलं! कंडक्टर मागे उभा राहिला आणि तोंडाने म्हणाला, “टिंग टिंग.” त्याने पाय सोडला. फळी अशी उसळली की आतून सासूबाईंचे दोन प्रश्न एकदम आले.

“गेली माणसं एकमेकांच्या अंगावर,” कंडक्टर शांतपणे म्हणाला. “त्या पुढच्या आजींचे दात पिशवीत पडले. चल, परत. टिंग टिंग.”

मधले दिवस असे होते की पुढे सरकल्यासारखं वाटेना. सकाळी गुडघा लाकडासारखा, संध्याकाळी सुजलेला. एका दुपारी पेडल लागोपाठ उसळत राहिलं, तेव्हा त्याने चांगल्या पायाने फळी दूर ढकलली. “पुरे झालं. फाटकावरची खुर्ची काय वाईट आहे?”

बायकोने फळी उचलून भिंतीला टेकवली. “बसा की तिथे. पण त्या खुर्चीत तरी हळू बसाल ना? तिथे आई नाही डबा मोजायला.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “ती हल्ली दुपारची झोपत नाही. तुमची वेळ झाली की उठून बसते. खाट दाराशी ओढून घेतलीय तिने माझ्याकडून.”

त्याने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. भिंतीलगतच्या फरशीवर खाटेच्या पायांचे चार जुने डाग होते आणि खाट त्यांच्यापासून हातभर अलीकडे, उंबऱ्याला भिडलेली. सासूबाई दाराकडे कान करून बसल्या होत्या. नीट दिसत नव्हतं म्हणून त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “काय हो जावईबापू, आज सुट्टी?”

तो परत येऊन उभा राहिला. श्वास सोडला आणि गुडघ्याला घाई न करता खाली येऊ लागला. लाकूड करकरलं नाही. तो बसला. घरभर शांतता. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं.

“अजून उभेच का?” आतून आवाज आला. “बसा की आता, पाय दुखेल!”

बायकोने तोंडावर पदर धरला. त्याला मात्र हसू आलं नाही. तो परत उठला, पुन्हा तसंच बसायला.

चाचणी झाली. डेपोच्या मैदानातून, मग रस्त्यावरून, मग दवाखान्याच्या चढावर. परीक्षक कागदावर सही करत म्हणाले, “ठीक आहे, चालवा गाडी.” सगळ्यांनी पाठीवर थाप मारली. कंडक्टरही हसला, पण बोलला काही नाही. तो बोलला नाही म्हणजे काय, हे त्या दोघांनाच माहीत होतं. चढावर गाडी सुटताना धक्का बसला होता. लहानसा. परीक्षकांना चालला, टॅक्सीच्या मागच्या सीटवरच्या कुणालाही चालला नसता.

तो कामावर गेला. सपाट रस्त्यावर पाय हळूहळू जुनं आठवू लागला. चढावर मात्र रोज थोडा हिसका बसायचाच. घरी आल्यावर तो न चुकता फळी घेऊन बसायचा.

मग एके दिवशी दुपारी, दवाखान्याच्या स्टॉपवर त्याला बायको उभी दिसली. शेजारी सासूबाई. डोळे तपासून झाले होते, औषध घातलं होतं आणि वर हिरवी पट्टी. कंडक्टरने हात धरून त्यांना वर घेतलं, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसवलं. “तिकीट नको म्हणू नका हो,” त्या म्हणाल्या. “जावयाच्या गाडीत फुकट बसले तर लेकीला टोमणे बसतील.”

गाडी भरली होती. काठीवाले एक आजोबा अजून उभेच होते. चाकांखाली चढ, पुढे सिग्नल हिरवा. त्याने क्लच दाबला आणि वाट बघितली. खाली वाकून हसणारी ती मुलगी, भंगारातलं पेडल ठोकणारा मेकॅनिक, न लागणारे दोन हात पुढे धरून उभी असलेली बायको, आणि उंबऱ्यापर्यंत आलेली खाट. क्लचवर आज त्याचा एकट्याचा पाय नव्हता.

टिंग टिंग.

त्याने पाय टाकला नाही. सोडला.

मागून सासूबाईंचा आवाज आला, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा. “अगं, घंटी तर झाली. मग ही गाडी अडलीय कुठे?”

“आई, निघाली. दवाखाना मागे पडला केव्हाच.”

सासूबाईंनी खिडकीकडे कान केला. मग पट्टीआडून त्या म्हणाल्या, “सांग त्यांना, आज काही पडलं नाही.”

ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नसतं. त्याने बघितलं नाही. समोरचा रस्ता जरासा धूसर झाला, तसा त्याने बाहीने डोळे पुसले. पुढचा स्टॉप जवळ येत होता. त्याने ब्रेकवर पाय ठेवला, अगदी हळू, कारण काठीवाले आजोबा अजून उभेच होते.