बांगडीवालीने दाखवलेला मोहल्ला

पती वारले त्या दिवशी नणंदेने माझ्या बांगड्या फोडल्या. पुढे शाळेतल्या नोकरीसाठी मी सोनपेठहून परभणीला आले. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. एकट्या विधवेला कोणी खोली देईना.

शेवटी स्टेशनामागच्या मोहल्ल्यात मला एका बांगडीवालीने फिरवलं; तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. एक हात डोक्यावरच्या टोपलीला, दुसऱ्या हाताने ती घरं दाखवायची. "ह्ये दोघं जातीबाहेर लगीन करून आलेत. त्या खोलीत बौद्धांची पोरं हायत, दिसभर कविता करायलेत, चुलीचं ध्यान न्हाई. आन् ह्यो चाचा नमाज पढून येतो, भजनात टाळ धरतो."

"मला इथं लोक काय म्हणतील?"

"इथं कोणी कोणाला नावं ठेवत न्हाई, बाई. गावानं समद्यांला आधीच ठेवलेली हायत."

खोली मिळाली. उंबऱ्यावर टेकून तिने सवयीने माझा हात धरला, अंगठ्याचं हाड दाबून पाहिलं. "सव्वादोनचं माप," म्हणाली आणि टोपलीतून निळ्या बांगड्या काढल्या. मी हात मागे घेतला. "मला आता चालत नाहीत, खाला."

"हाताला इचारलं का?" तिने बांगड्या माझ्या पदरात ठेवल्या आणि टोपली उचलली.

नंतर ती गल्लीतून जाताना माझ्या हातांकडे बघायची. पुढे यायचीच थांबली.

नणंद गेली, सासर सुटलं. मला अडवणारं आता कोणी उरलेलं नाही. त्या निळ्या बांगड्या अजून पेटीतच आहेत.