पांढरीतली हाडं

माझा उजवा हात कोपराखाली वाकडा आहे. तो माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडला, आणि तेही अख्ख्या गावासमोर.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. जाफराबादजवळच्या आमच्याच गावात मी शाळामास्तर होतो. गावाबाहेर पांढर होती, म्हणजे जुन्या वस्तीची पांढऱ्या मातीची टेकडी. घरांच्या धाब्यांवर, सपाट छपरांवर, घालायला सगळे तिथूनच माती आणत. अण्णांच्या पोथीत होतं की तिथे एका ऋषीचा आश्रम होता, आणि ही माती म्हणजे त्याच्या यज्ञाची राख. दर श्रावणात अण्णा पोथी वाचत आणि गाव मन लावून ऐके.

एका उन्हाळ्यात सरकारी खोदकाम आलं. साहेब परगावचे, भला माणूस. नोंदी लिहायला त्यांनी मला घेतलं. आठवडाभरात एका चरात राखेने भरलेला गोल खड्डा निघाला. यज्ञकुंडच सापडलं म्हणून गाव हरखलं. बायांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटले. अण्णा चराच्या काठावर बसून रडले. खोटं कशाला बोलू, मलाही फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्या राखेतून हाडं निघाली. जनावरांची, भाजलेली, सुरीच्या खुणा असलेली. साहेब हळूच म्हणाले, "मास्तर, ही चूल आहे. आत्ता काही बोलू नका."

पण मी जन्माचा तापट. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "साहेबानंच टाकली हाडं," आणि माझं डोकं फिरलं. एक हाड उचलून मी सगळ्यांना दाखवलं. "हे मी माझ्या हातानं काढलंय. इथं मांस शिजत होतं. पोथीतलं खरं न्हाई."

पहिला दगड साहेबांच्या कपाळावर बसला. रक्त ओघळून डोळ्यांत गेलं आणि ते चरात कोसळले. मग दगडांचा नुसता मारा सुरू झाला. माझ्या तोंडावर गुद्दा बसला, दोन दात पडले. चौघांनी मला खाली दाबून धरलं. पाचव्याने टिकाव उचलला.

तेवढ्यात अण्णा आले. गर्दीने त्यांना वाट दिली. त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी उगारला आणि माझ्या हातावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. पुन्हा त्याच जागी घातला. टिकाववालासुद्धा मागे सरला.

"म्हण, कुत्र्यानं आणल्ती हाडं," अण्णा माझ्यावर वाकून म्हणाले. "जल्दी म्हण. न्हाई तर हे लोक तुला जित्ता ठेवणार न्हाईत."

चरातून साहेब माझ्याकडेच बघत होते. मी मोठ्याने म्हणालो, "कुत्र्यानं आणली. माझी चूक झाली."

साहेब वाचले, पण खोदकाम कायमचं बंद पडलं. अण्णांचा मला कधीच राग आला नाही. त्यांनी मला मारून वाचवलं, हे मला तिथेच कळलं होतं.

त्या श्रावणात पोथीच्या शेवटी अण्णांच्या अक्षरात एक नवी ओवी आली. सरकारने भूमी खणली, यज्ञकुंड सापडलं, आणि पोथी वाचणाऱ्याच्याच पुत्राने साक्ष दिली, असा तिचा अर्थ. आता गावात कुणी शंका काढली की लोक तीच ओवी पुढे करतात.

अण्णा जाऊन किती वर्षं झाली. परवा कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक बाई वही घेऊन घरी आल्या. ओवीतला पुत्र तो मीच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी गावात कानावर आलेल्या हाडांचं विचारलं. घरात आम्ही दोघंच होतो, मला मारायला कुणीही येणार नव्हतं.

मी म्हणालो, "कुत्र्यानं आणली होती." बाईंनी ते लिहून घेतलं.